उत्क्रांतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न: झुरळ, उंबर, कावळा आणि हापूस यांच्या साक्षीने

शनिवार-रविवारी मी लोकांना घेऊन मुंबईच्या किनाऱ्यावर आणि राष्ट्रीय उद्यानात भटकतो. भटकून झालं की वडापावच्या गाडीशी प्रश्न सुरू होतात आणि घरी पोहोचेपर्यंत व्हॉट्सॲपवर आणखी येऊन पडलेले असतात. तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदाचे लिहून ठेवतोय. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. उत्क्रांती म्हणजे नेमकं काय? थोडक्यात सांगा.

जीवांच्या एखाद्या समूहात आनुवंशिक गुणांचं प्रमाण पिढ्यांगणिक बदलत जाणं, म्हणजे उत्क्रांती. या व्याख्येत ‘प्रगती’ नाही, ‘सुधारणा’ नाही आणि माणूसही नाही. एवढं ध्यानात ठेवलंत तर पुढचे निम्मे गोंधळ इथेच मिटतात.

हा बदल घडवणारी सर्वांत नावाजलेली गोष्ट म्हणजे नैसर्गिक निवड. तिला तीन गोष्टी लागतात: समूहातले जीव एकसारखे नसावेत, त्यांच्यातला फरक पिलांत उतरावा आणि त्या फरकामुळे कुणाची पिलं जास्त जगावीत, कुणाची कमी. चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस या दोघांना हे स्वतंत्रपणे सुचलं. १८५८ साली लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचं लेखन एकत्र वाचलं गेलं आणि डार्विनचं पुस्तक पुढच्या वर्षी आलं. निवडीशिवायही उत्क्रांती होते, ते प्रश्न ११ मध्ये.

२. पण हे घडताना कुणी पाहिलंय का? लाखो वर्षं लागतात ना?

लाखो वर्षं मोठ्या फरकांना लागतात. लहान फरक ओट्याखालीसुद्धा घडतो.

मुंबईच्या स्वयंपाकघरातलं हे दृश्य सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पेस्ट कंट्रोलवाला ओट्याखाली वाकतो आणि सिरिंजने कपाटाच्या बिजागऱ्यांपाशी जेलचे मोहरीएवढे ठिपके देत जातो. त्यात विष असतं, आणि झुरळाने ते खावं म्हणून गोडवा असतो. विषारी आमिषाची ही पद्धत अमेरिकेत १९८०च्या दशकात रुळली. काही वर्षांतच काही ठिकाणची छोटी तपकिरी झुरळं, ज्यांना जर्मन झुरळ म्हणतात, आमिषाला तोंड लावेनाशी झाली. विष पचवून ती पुरून उरत होती असं नाही. त्यांना ग्लुकोजच नकोसं झालं होतं आणि ही नावड पिलांत उतरत होती. हे १९९३ मध्ये छापून आलं. असं का होतं हे कळायला २०१३ उजाडलं: या झुरळांच्या तोंडाजवळचे चव घेणारे केस तपासले तेव्हा दिसलं की कडू चव टिपणाऱ्या चेतापेशी ग्लुकोजनेही चेततात. म्हणजे गोड त्यांना कडू लागतं.

गंमत इथे संपत नाही. नर झुरळ मादीला रिझवताना पंख उचलून पाठीवरचा गोडसर स्राव तिला चाटायला देतं. तिच्या लाळेने त्यातल्या साखरेचं ग्लुकोज होतं, आणि गोड नावडणारी मादी मध्येच उतरून चालू पडते. एका विषारी ठिपक्याने झुरळांच्या लग्नकार्यातही बिब्बा घातला.

प्रयोगशाळेतलंच उदाहरण हवं असेल तर अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये बारा चंबूंत ई. कोलाय जिवाणू वाढवायला सुरुवात केली. तीस हजारांहून अधिक पिढ्यांनंतर त्यांतल्या एका चंबूतले जिवाणू हवेच्या सान्निध्यात सायट्रेट नावाचं रसायन खायला लागले, जे ही जात एरवी करत नाही.

३. झुरळांना कळलं कसं, की गोड खायचं नाही?

कळलं नाही. कुठल्याच झुरळाने ठरवलं नाही. गोड कडू लागणारी थोडी झुरळं आधीपासून होती किंवा जनुकातल्या एखाद्या चुकीने अधूनमधून जन्मत होती. एरवी त्यांचं नुकसानच व्हायचं, कारण आयतं अन्न सोडून द्यायचं. जेल आलं आणि बाकीची मेली. उरलेल्यांची पिलं त्यांच्यासारखी.

मला वाटतं घोटाळा थोडा भाषेचाही आहे. आपण म्हणतो, ‘प्राण्यांनी परिस्थितीशी जुळवून घेतलं’. मराठीत जुळवून घेणं ही नव्या सुनेची आणि पेइंग गेस्टची कामगिरी आहे. त्यात समज आहे, प्रयत्न आहे. निसर्गात जुळवून कुणी घेत नाही. न जुळणारे गळतात.

क्षयरोगाचं औषध हेच दाखवतं. रुग्णाच्या फुप्फुसात कोट्यवधी जंतू असतात. त्यांतल्या एखाद-दुसऱ्यात एका औषधाला दाद न देणारा बदल आधीच असू शकतो. म्हणूनच क्षयावर एकाच वेळी अनेक औषधं देतात, कारण सगळ्यांना पुरून उरणारा जंतू आपसूक सापडणं फार अवघड. कोर्स मध्येच सोडला किंवा एकच औषध पोटात जात राहिलं की निवडीला रान मोकळं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल भाषणातच पेनिसिलिनच्या अपुऱ्या मात्रेबद्दल बजावलं होतं.

४. आईवडिलांनी कमावलेलं मुलांत उतरतंच ना? जिराफाने मान ताणली म्हणून ती लांब झाली, असं शाळेत शिकलो.

शाळेत ते चुकीचं उदाहरण म्हणून शिकवलं असावं. लक्षात मात्र तेच राहिलं. आपल्याकडे किती पिढ्या बाळांचे कान टोचतायत बघा. अजून एकही बाळ भोकं घेऊन जन्माला आलेलं नाही, आणि सोनाराचं काम चालूच आहे. ऑगस्ट वाइसमन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे उंदरांच्या पिढ्यान्‌पिढ्या शेपट्या कापून हेच पाहिलं: पिलं शेपटीसकटच जन्मली. जनुकांवर बसणाऱ्या काही रासायनिक खुणा एखाद-दोन पिढ्या टिकल्याची उदाहरणं आहेत, वनस्पतींत जास्त. पण त्याने जिराफाची मान लांबत नाही.

५. माणूस माकडापासून आला, तर माकडं अजून का आहेत?

तुमचा चुलतभाऊ अजून आहे ना? तो तुमचा आजोबा नाही. तुमचा दोघांचा आजोबा एक. कान्हेरीच्या पायऱ्यांवर तुमच्या हातातली काकडी पळवणारं माकड आपलं बरंच दूरचं भावंड आहे. चिंपांझी त्याहून जवळचा. त्याची आणि आपली वाट साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली. तेव्हाचा पूर्वज ना आजचा चिंपांझी होता, ना माणूस.

६. दशावतारात हेच सांगितलंय की: आधी मासा, मग कासव, मग वराह...

हा प्रश्न दर दुसऱ्या फेरीत येतो आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर कौतुक असतं, म्हणून मी तो हसण्यावारी नेत नाही. क्रम जुळल्यासारखा दिसतो खरा. पण दशावतारात एक रांग आहे आणि ती वर चढत जाते. उत्क्रांतीत रांग नाही, फांद्या आहेत. मासा मागे राहून गेला आणि आपण पुढे आलो, असं नाही. आजचा बोंबीलसुद्धा आपल्याइतकाच काळ बदलत आलाय, फक्त दुसऱ्या फांदीवर.

शिवडीच्या चिखलात निवटी दाखवली की हीच गोष्ट डोळ्यांसमोर येते. ओहोटीला ही बोटभर मासोळी पुढच्या परांवर कुबड्या घेतल्यासारखी सरकत येते, डोक्यावरचे फुगीर डोळे एकेक करून आत ओढून ओले करते, अंग चिखलात लोळवते आणि पाऊल वाजलं की टुणकन बिळात. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवायचं आणि ओल्या कातडीतून श्वास घ्यायचा, असा तिचा संसार. मग कुणीतरी विचारतंच, ‘हिचा बेडूक होतोय का?’ नाही. आपल्या ज्या पूर्वजांनी सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वी जमिनीकडे पावलं टाकली, ते मांसल परांचे वेगळेच मासे. निवटी कशाच्याही अर्ध्या वाटेवर नाही. ती चिखलात राहायला पूर्ण तयार आहे, आणि कोळणीच्या पाटीत गेली तर रश्श्यालाही.

७. म्हणजे ‘बळी तो कान पिळी’ हाच निसर्गाचा नियम?

नाही. ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ हे इंग्रजी घोषवाक्य तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर यांनी १८६४ मध्ये केलं आणि त्याचा मराठीत असा अनुवाद करण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. तिथे अर्थ ‘बसतो तो टिकतो’ असा आहे, चावी कुलपाला बसते तसा. ठाण्याच्या खाडीत वडाचं रोप लावा, मरेल. तिवराचं रोप चिखलातून नाकं वर काढल्यासारखी श्वसनमुळं काढतं, पानांवरून मीठ बाहेर टाकतं आणि जगतं. तिवर वडापेक्षा बलवान आहे का? प्रश्नच गैरलागू.

८. दोन प्रजाती एकमेकींमुळे बदलतात म्हणजे कसं? ते उंबराचं पुन्हा एकदा नीट सांगा.

परिस्थिती म्हटलं की लोकांना ऊन, पाऊस, डोंगर आठवतात. पण कुठल्याही जीवाच्या परिस्थितीत सर्वांत मोठा वाटा शेजाऱ्यांचा असतो, हे चाळीत वाढलेल्यांना मी वेगळं सांगायला नको. फरक एवढाच, की डोंगर तुमच्यामुळे बदलत नाही. शेजारी बदलतो, मग त्याच्यामुळे तुम्ही. यालाच सहउत्क्रांती म्हणतात.

आपण क्वचित भेटणाऱ्या माणसाला म्हणतो, ‘तू काय बाबा, उंबराचं फूल!’ उंबराला फूल दिसत नाही, कारण ते फळात असतं. किंबहुना आपण ज्याला कच्चं फळ म्हणतो तो आत वळलेला फुलोरा आहे. शेकडो बारीक फुलं आतल्या बाजूला तोंड करून बसलेली. टोकाशी एक छिद्र, तेही खवल्यांनी बंद केलेलं. दोनेक मिलिमीटरची चिलटाएवढी गांधीलमाशी त्या खवल्यांतून अंग कोंबून आत शिरते. शिरताना बहुधा तिचे पंख आणि मिशांची टोकं मोडून बाहेरच राहतात. ही वाट एकेरी. सोबत आणलेला पराग ती फुलांवर घालते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. फळ वाढतं. आत आधी नर बाहेर पडतात, पंख नसलेले. ते माद्यांशी जुळतात, मग फळाच्या भिंतीतून बोगदा खणतात. त्यांचं आयुष्य एवढंच. माद्या पराग घेऊन त्या बोगद्यातून उडतात आणि दुसरं उंबर शोधतात. त्यांच्याकडे वेळ असतो दिवसा-दोन दिवसांचा.

वड, पिंपळ, उंबर धरून या कुळात साडेसातशेच्या आसपास जाती आहेत, आणि बहुतेकींची गांधीलमाशी आपापली, ठरलेली. हा व्यवहार काही कोटी वर्षं जुना आहे. झाडाला माशीवाचून बी नाही, माशीला झाडावाचून पिलू नाही.

याला मैत्री म्हणायची घाई मात्र करू नका. काही उपऱ्या गांधीलमाश्या बाहेरूनच लांब सुई फळात खुपसून अंडी घालतात, पराग वगैरे काही देत नाहीत. भागीदारी आली की तिच्या जिवावर जगणारे फुकटेही येतात.

९. मग अंजिरात किडे असतात का? उपासाला, जैनांना चालतं का?

चालावं का हे तुमच्या घरातल्यांनी ठरवायचं. मी फक्त फळाचं सांगतो. पुरंदर भागातलं जे अंजीर दादरच्या बाजारात येतं, ते परागीकरणाशिवाय धरणाऱ्या जातीचं आहे. त्याला गांधीलमाशी लागतच नाही. तुर्कस्तानच्या स्मिर्ना जातीच्या सुक्या अंजिराला मात्र ती लागते. तिथे आत मेलेल्या माशीचा बराचसा भाग फळातला फिसिन नावाचा पाचक रस विरघळवून टाकतो. दाताखाली कुरकुरतं ते बी. जंगलातल्या उंबराची गोष्ट वेगळी: पिकलेलं उंबर फोडलं की भुर्रकन काय उडतं ते एकदा पाहिलेला माणूस पुन्हा न बघता खात नाही.

१०. कावळा एवढा हुशार, मग त्याला कोकिळेची अंडी ओळखू का येत नाहीत?

आधी एक दुरुस्ती. चैत्रात पहाटे पाचला सोसायटीला उठवणारी कुहू ही कोकिळा नव्हे. गातो तो काळा नर. कोकिळा तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची, आणि तिचं काम गुपचूप चालतं.

तिचं अंडं कावळ्याच्या अंड्यापेक्षा लहान, पण रंगाने आणि ठिपक्यांनी बरंच तसं. ते कावळ्याच्या अंड्यांआधी उबतं, म्हणजे पिलू जन्मतःच पुढे असतं. कावळ्याने प्रत्येक वेगळ्याशा अंड्यावर संशय घेतला, तर कधीतरी तो स्वतःचंच अंडं फेकणार. सोडून दिलं तर एखादं परकं पिलू पोसावं लागणार. कोकिळेचं पिलू काही युरोपातल्या कोकिळांच्या पिलांसारखं घरमालकाची पिलं ढकलून देत नाही. कावळ्याचीही काही जगतात. म्हणजे फसण्याची किंमत आहे, पण सर्वस्व नाही. अशा हिशेबात थोडा गाफीलपणा टिकून राहू शकतो.

सातभाईंच्या घरट्यात अंडी घालणारा पावशा बघा. तो दिसायला हुबेहूब शिक्र्यासारखा. शिकारी पक्षी समजून छोटे पक्षी बिथरतात आणि मादीला वाव मिळतो. प्रत्येक जोडीत शर्यत वेगळी, आणि ती कुणी जिंकल्याचं जाहीर होत नाही. एकाने पाऊल टाकलं की दुसऱ्याचं त्याहून पुढचं पाऊल टिकतं.

११. प्रत्येक गुणाचा काही ना काही उपयोग असतोच ना?

नाही, आणि याचं उत्तम उदाहरण आपल्या शहराच्या नावाने ओळखलं जातं. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत एक असा रक्तगट नोंदवला, जो नेहमीच्या तपासणीत ‘ओ’ वाटतो पण ओ गटाचं रक्तही स्वीकारत नाही. तो बॉम्बे रक्तगट. ए आणि बी ज्या पायावर उभे राहतात तो एच नावाचा घटकच या लोकांच्या लाल पेशींवर नसतो. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो. जगात इतरत्र त्याहून पुष्कळ विरळ.

हा काही फायद्यासाठी निवडला गेला असेल, असं मानायची गरज नाही. लहान समूहात एखादं जनुक निव्वळ योगायोगाने वाढतं किंवा नाहीसं होतं. पत्ते पिसताना एकाच हातात तीन एक्के यावेत तसं. याला जनुकीय विचलन म्हणतात. आणि हा गट दिसायला दोन्ही पालकांकडून तेच जनुक यावं लागतं, त्यामुळे आपापसातच लग्नं करणाऱ्या समाजात त्याची शक्यता वाढते.

१२. मग सिकलसेलसारखा घातक आजार निवडीने पुसला का गेला नाही? हाही योगायोग?

नाही, इथे उलट आहे. पालघर, नंदुरबार, विदर्भातल्या आदिवासी भागांत सिकलसेल आढळतो, आणि हे पट्टे मलेरियाचेही राहिले आहेत. हे जनुक दोन्ही पालकांकडून आलं तर आजार. एकाकडूनच आलं तर माणूस बहुधा धडधाकट राहतो आणि जीवघेण्या फाल्सिपेरम मलेरियापासून त्याला बरंच संरक्षण मिळतं. हे १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखवलं. म्हणजे एकच जनुक काहींना तारतं म्हणून टिकतं आणि काहींना मारतं. डास नसलेल्या ठिकाणी त्याचा फायदा संपतो, तोटा उरतो.

१३. हापूसची उत्क्रांती होते का?

माझा आवडता प्रश्न. माणगावच्या पुढे राहणाऱ्या एका आजोबांनी तो विचारला होता आणि मी चाचपडलो होतो.

हापूसचं झाड कोयीपासून करत नाहीत, कलम बांधतात. कोय रुजवली तर येणारं झाड आईसारखं निघेलच असं नाही. ते रायवळात जमा. म्हणून रत्नागिरी-देवगडच्या बागांतलं प्रत्येक हापूस हे दुसऱ्या एखाद्या हापूसच्या फांदीचा पुढचा भाग आहे. पिढ्या नाहीत, फेरबदल नगण्य; निवडीने पकडायचं काय? एखाद्या फांदीत क्वचित काही बदल होतो तेवढाच.

पण त्याच मोहरावर बसणारे तुडतुडे, भुरी आणि करपा यांच्या पिढ्या चालूच आहेत. फवारणी झाली की त्यांतले चिवट उरतात आणि पुढच्या मोहराला तेच हजर. म्हणजे शर्यतीत एकाला खांबाला बांधून ठेवलंय आणि दुसरा पळतोय. केळ्याचं असं एकदा झालंय: विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या बाजारात ग्रो मिशेल हेच मुख्य केळं होतं. पनामा रोगाने ते व्यापारातून उठवलं आणि कॅव्हेंडिशला जागा मिळाली. आंब्याच्या बाबतीत खांबाची दोरी सोडायचं काम माणूसच करतो: वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना आंबा काढला, तो तसाच.

१४. बाजारातलं पापलेट लहान होत चाललंय. ही उत्क्रांतीच का?

केवळ आकार बघून सांगता येत नाही. बारीक आसाच्या जाळ्याने कोवळे मासे आधीच ओढून काढले, तर पाटीत लहानच दिसणार. ती उत्क्रांती नव्हे, नुसती घाई. उत्क्रांती तेव्हा, जेव्हा लहान आकारातच वयात येणाऱ्या माशांची पिलं पिढ्यांगणिक जास्त होतात, कारण मोठं होण्याची वाट बघणारे जाळ्यात जातात. कॅनडाच्या किनाऱ्यावर कॉड माशाच्या बाबतीत असा संशय बळकट आहे. १९९२ मध्ये तिथली मासेमारी बंद करावी लागली, त्याआधीच कॉड कमी वयात आणि कमी आकारात प्रजननाला लागला होता. पापलेटला २०२३ मध्ये राज्य मासा म्हणून जाहीर केलं, पण जाळ्याच्या आसाला ते ठाऊक नसतं.

१५. राष्ट्रीय उद्यानातले बिबटे माणसांना सरावलेत. हीसुद्धा उत्क्रांतीच ना?

सरावणं म्हणजे शिकणं. शंभरेक चौरस किलोमीटरच्या उद्यानात पन्नासच्या आसपास बिबटे, भोवती इमारती. आई रात्रीच फिरते, म्हणून पिलूही रात्रीच फिरायला शिकतं. तेच पिलू दुसऱ्या जंगलात वाढलं असतं तर वेगळं वागलं असतं. जनुकांत फरक पडल्याचा पुरावा मिळेपर्यंत याला उत्क्रांती म्हणू नका. (गोंधळ कायम असेल तर प्रश्न ४.)

१६. विषाणू हळूहळू आपोआप सौम्य होतात, हे खरं ना? आपल्या यजमानाला मारून त्याला काय मिळणार?

ऐकायला तर्कशुद्ध, पण नियम नाही. विषाणूला यजमानाच्या तब्येतीची काळजी नसते. त्याचं गणित पुढच्या यजमानापर्यंत पोहोचण्याचं. ऑस्ट्रेलियात सशांचा सुळसुळाट झाला म्हणून १९५० मध्ये त्यांच्यात मिक्सोमा विषाणू सोडला. सुरुवातीला शंभरातले नव्याण्णव ससे मरत. काही वर्षांत सौम्य वाण फोफावले, कारण ससा जास्त दिवस जगला तर जास्त डास त्याला चावून विषाणू पुढे नेतात. तिकडे उरलेले ससेही काटक झाले. गोष्ट इथेच थांबली असती तर तुमचं म्हणणं बरोबर ठरलं असतं. पण ससे काटक झाल्यावर विषाणूचे पुन्हा जहाल वाण पुढे आले. शिवाय क्षयाचे जंतू हजारो वर्षं माणसासोबत आहेत. त्यांना सौम्य व्हायची घाई दिसत नाही.

१७. गॅलरीतल्या कढीपत्त्यावर चिमणीच्या शिटेसारखं काहीतरी आहे आणि ते हलतंय! काढून टाकू का?

टाकू नका. ती कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी आहे. लहानपणी ती पांढरट-तपकिरी, ओलसर, अगदी शीट. पक्षी दुर्लक्ष करतात. मोठी झाली की कात टाकून कढीपत्त्यासारखी हिरवी. काडीने डिवचलीत तर मानेतून लाल दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो.

पुढचा भाग जास्त चक्रावणारा. नर सगळे एकसारखे काळे, मागच्या पंखांवर पांढरे ठिपके. माद्या तीन रूपांत: एक नरासारखी, दुसरी कॉमन रोझसारखी, तिसरी क्रिमझन रोझसारखी. ही दोन्ही रोझ फुलपाखरं अळीपणी ईश्वरीची विषारी वेल खातात म्हणून पक्षी त्यांना टाळतात. मॉर्मन मादीत विष नाही. तिने फक्त वेश उसना घेतला. कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की या वेषांतराची सूत्रं डबलसेक्स या एका जनुकाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत आहेत.

मग सगळ्याच माद्या वेश का घेत नाहीत? कारण नक्कल दुर्मीळ असेपर्यंतच चालते. नकली जास्त झाल्या की पक्ष्यांना चवदार घास वारंवार मिळतो आणि भीती ओसरते. खोट्या नोटा थोड्या असेपर्यंतच दुकानदार निरखून बघत नाही, तसंच.

१८. मुंबईत जीवाश्म सापडतात का?

सापडले आहेत, आणि ते बेडकांचे आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास दख्खनचा लाव्हा थरावर थर पसरत होता. दोन लोटांच्या मधल्या शांत काळात तळी साचायची, त्यांत बेडूक, कासवं राहायची, मग पुढचा लाव्हा येऊन सगळं झाकून टाकायचा. वरळीच्या टेकडीजवळ अशाच गाळाच्या थरात छोट्या बेडकांचे सांगाडे मिळाले. १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. ‘डायनोसॉर’ हा शब्द घडवणारे ते हेच. डार्विनचं पुस्तक यायला अजून बारा वर्षं होती, आणि पुढे ओवेन त्याच्या कडव्या टीकाकारांत गेले. या बेडकाला १९३० मध्ये इंडोबॅट्राकस हे नाव मिळालं.

त्याच लाव्ह्याच्या काळातला एक तुकडा अजून उघडा बघता येतो: अंधेरीची गिल्बर्ट हिल. वरून खाली सरळ रेषांनी चिरलेले बेसाल्टचे खांब, दोनशे फूट उंच, भोवती इमारती टेकून उभ्या. वर गावदेवीचं देऊळ आहे, पायऱ्या चढून जाता येतं. दुपारी जाऊ नका, कातळ तापतो.